खोक्यातला कप

संत्र्यात नेमकं काय पाहाचं, सांगा ना जी कोणी! दहा जणांले विचारलं, कोणीच सांगत नाही, अन् ज्याले माहीत होतं तो माहा मोठा भाऊ, प्रशिकदादा, चार दिवसांच्या तापात गेला... सातवी नापास माणसाले असं अर्ध्यात सोडून जाते का कोणी? धोकाच ना जी हा!

तुमाले सांगतो, दादा सदर भागातल्या हापिसात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहे, मी कळमन्याच्या फळबाजारात संत्र्याच्या पेट्या उचलतो. एक दिवस म्हणे, "दोन पेट्या, दोन्हीत तशीच बारा संत्री. सारख्या का रे?" म्हटलं, सारख्या! "कॉम्प्युटर म्हणते, नाही. तो फक्त पेटी तीच आहे का ते पाहाते. आतलं जुळवाचं असन तर त्याले शिकवा लागते गा, पेटी उघड, एकेक संत्रं पाहा, एक चुकलं तर पेटी चुकली." म्हटलं, अन् संत्र्यात काय पाहाचं? रंग, का वजन, का साल? हसला. "रविवारी सांगतो." रविवार आला, दादा नाही!

मंग हापिसातला पियुष आला, दादाच्या टेबलावरचं सामान खोक्यात, हातात यादी. "चार्जर एक, हेडफोन एक, डायरी एक, कप एक. सगळं जुळलं, सही कर." काय जुळलं बे? कप नवाकोरा! दादाच्या कपाचा कान मी एमसीलनं चिकटवला होता, माह्या अंगठ्याचा ठसा होता त्याच्यावर! पियुष खाली पाहून म्हणे, "पॅक करताना फुटला यार... सेमच आणला, रंगही तोच." सेम असन, तो नाही ना! एक कप खोटा म्हणजे अख्खं खोकं खोटं! धोकाच ना जी! कॉलरच धरत होतो त्याची...

तेवढ्यात आई आली. कप घेतला, पदरानं पुसला, छातीशी धरला. "हाच गा माह्या प्रशिकचा." घ्या! आईनंही धोका दिला! केली सही.

तर आई म्हणे, "अन् तू कान कुठं चिकटवला होता रे? दिसून नाही राहिलं. थांब, चष्मा आणते." झालं! ती आत चष्मा शोधून राहिली, मी इकडं कप पायरीवर हाणला, कान तोडला, एमसील मळलं, लावलं, अंगठा गच्च दाबला.

पियुष घाबरला. "अबे, हे काय करून राहिला?"

"सारखा करून राहिलो."