रखमाबाईचे दहा थेंब

…आणि वर मलाच विचारतात, "बाटलीत काय घातलं होतंस?" अहो, काय घालणार? डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं ते घातलं! तुम्हाला सांगतो, एकोणतीस वर्षं दादरला नाबर डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी कातरून डोस चिकटवायचो, एवढ्या वर्षांत कधी चमचाभर इकडचं तिकडे नाही! पण लोकांचं कसं असतं, औषध लागू पडलं की डॉक्टर देवमाणूस, आणि नाही पडलं की बोलणी कुणी खायची? कंपाउंडरनं!

आता ही रखमा बघा. माहीमच्या कोळीवाड्यातली, पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर पाटी, आणि आवाज असा की शिवाजी पार्काच्या एका कोपऱ्यावर "पापलेऽऽट" म्हणाली की दुसऱ्या कोपऱ्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर पिशवी घेऊन जिन्यात हजर. एकोणीसशे साठ सालचा जानेवारी. सकाळी पाटी उचलायला वाकली आणि पाठीत अशी कळ आली की पापलेटं रस्त्यावर आणि बाई फुटपाथवर. परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं, पाठीच्या हाडांचा फोटो काढला, तो फोटो घेऊन नवरा हरेश्वर तिला आमच्या दवाखान्यात घेऊन आला.

नाबर डॉक्टर फार हुशार, पण समजावून सांगायची हौस फार! फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "रखमाबाई, होडीच्या लाकडाला कीड लागते ना, बाहेरून धड, आतून पोकळ… तशी तुझी हाडं झालीत." झालं! इथंच घोळ झाला, तुम्हाला सांगतो. साधं "हाडं ठिसूळ झाली" म्हणाले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण नाही, होडी काढली! मग औषध सांगितलं. कॅल्शियमची पूड दुधातून, मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाच्या तेलाचे दहा थेंब सकाळी खाल्ल्यावर, पाटी बंद, आणि सात-आठ महिने धीर.

"आन् नाचायचं?" रखमानं विचारलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, "नाचायचं तर आता जन्मात नाही." बाई का विचारतेय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

अहो, नवस होता तो! छप्पन्न सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला, तेव्हा लालबागेत तिच्या बहिणीच्या चाळीतल्या सुंदराबाईचा दौलत गेला. विशीतला पोरगा, गिरणीत बदली कामगार. रखमा तिथं गेली, त्या माऊलीला मिठी मारली आणि एकवीरा आईला बोलली, "मुंबय आपल्याला मिलाली का पार्कावर डोईवर कलस घेऊन नाचन, ह्या पोराचं नाव घेऊन नाचन." चार वर्षं तो शब्द उराशी धरून ठेवला होता तिनं. आणि आता पेपरवाले लिहीत होते की मे महिन्यात राज्य येणार! डॉक्टर म्हणतात आठ महिने, राज्य येणार चारात… बाईनं करायचं काय?

मला यातलं काय ठाऊक? मी बाटली दिली, काचेची नळी दिली, म्हटलं, "दहा थेंब. मोजून दहा." तिनं बूच काढलं, नाकाशी धरलं, आणि हसायलाच लागली.

"अरं दादूस, हे तं मुशीचं तेल! आमी होरीला लावताव!"

"असेल. पण हे औषधाचं आहे. दहा थेंब."

"धा थेंबात होरीचा एक खिला तरी भिजंल काय रं?"

"रखमाबाई," मी म्हटलं, "तू होडी नाहीस."

तिनं माझ्याकडे असं बघितलं… बोंबील आणि बांगडा ओळखता न येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात ना, तसं.

आणि घरी गेली. घरामागं रॉकेलच्या डब्यात तेच तेल, मुशीची काळजं कढवून काढलेलं, काळपट, वास विचारू नका! तिनं हिशेब केला तो असा. लाकूड किडलं तर आपण काय करतो? तेल पाजतो. दहा थेंब पाजतो का? हात भरून पाजतो, वाळलं की परत पाजतो. मग झालं तर! डॉक्टर शिकलेला, पण त्याच्या बापजाद्यांनी कधी होडी ठेवली होती? हरेश्वर उठायच्या आत बाईनं नाक दाबून वाटीभर तेल घशाखाली घातलं. संध्याकाळी आणखी एक. रोज! थू थू करत, एकवीरेचं नाव घेत, रोज! धीट बाई हो!

महिन्याभरात हरेश्वर तिला धरून घेऊन आला. डोकं फुटायची वेळ आलेली, ओकाऱ्या, तळहाताची सालं निघतायत, फणीला केसांचा पुंजका, आणि हाडं आधीपेक्षा जास्त ठणकतायत! बाकावरचे सगळे पेशंट वळून माझ्याकडे बघतायत. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, हुंगली, पुन्हा धरली, आणि हळूच म्हणाले, "शरच्चंद्र, हात चुकला का रे तुझा?" बाईला विचारलं, "थेंब किती घेतेस?" "धाच," बाई म्हणाली, जमिनीकडे बघत. मग संपलंच की! बोलणी कुणी खायची? कंपाउंडरनं! नोकरी जाते की राहते अशी पाळी, आणि दुसऱ्या दिवसापासून पेशंट आपली बाटली माझ्यासमोर हुंगून घ्यायला लागले.

रविवारी मी उठलो आणि सरळ कोळीवाडा गाठला. हरेश्वर उपड्या होडीपाशी डोक्याला हात लावून बसलेला. मला बघून म्हणाला, "बरा आलास. आमच्याकडं चोर झालाय."

"कसला चोर?"

"तेलाचा! डब्यावर कोलशानं रेघ मारून ठेवली, तर रोज दोन वाट्या कमी. होरी कोरडी परलीय बग. शेजाऱ्याला इचारलं, त्यानं बोलणं टाकलं. मांजर म्हनावं, तं मांजराला बूच कसं निघंल?"

मी दाराकडे बघितलं. दारात रखमा उभी. ती समुद्राकडे बघत होती, जणू समुद्र आजच पहिल्यांदा दिसला.

"रखमाबाई…" मी म्हटलं.

"दोन-दोन हात दिलं रं रोज," ती म्हणाली. "आतून."

सोमवारी तिला दवाखान्यात नेलं, सगळं सांगितलं, पण डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, औषध कमी वाटलं तर मला विचारायचं, आपल्या मनानं वाढवायचं नाही. जे घेतलं ते खरं सांगायचं. हेच तेल प्रमाणाबाहेर गेलं की हाडं उलट कमजोर होतात." तेव्हा कुठं तिचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच माझी होरी फोरली?" म्हणाली, आणि ती अख्ख्या पार्काला दरडावणारी बाई पदरात तोंड घालून रडली हो. "सुंदराबायला काय तोंड दावू?" तेव्हा तो नवस आम्हाला कळला. मला इतकी दया आली की झालेला अपमान विसरलोच. म्हणजे… बराचसा.

तेल बंद केलं, थेंबसुद्धा बंद. दूध, पूड, सकाळचं ऊन, आणि डोक्यावर ओझं नाही. एप्रिल संपता संपता डोकेदुखी उतरली, ओकाऱ्या थांबल्या, बाई काठी न घेता चालायला लागली. पण नाचणं? डॉक्टरांनी हात जोडले, "नाही म्हणजे नाही."

आणि आला एक मे! काय दिवस होता तो… आता तसे दिवस कुठे? शिवाजी पार्काकडे माणसांचा लोंढा, ढोल, लेझीम, ओळख ना पाळख, जो तो पेढा भरवतोय. कोळणी झाडून सगळ्या नटून आलेल्या. रखमा हातात कलश घेऊन कडेला. आणि लालबागेहून चालत आलेली सुंदराबाई, पदराखाली दौलतचा फोटो धरून. ढोल वाजला तशी रखमाची टाच उचलली, मी बघितलं आणि धावलो, "रखमाबाई, पाय खाली!"

"मंग तू नाच."

"मी?"

"चिट्टी तुमची, मनाई तुमची. मंग नवस कोन फेडल?"

अहो, मी धोतर, कोट, काळी टोपी! लग्नात स्वतःच्या वरातीत मान हलवली नव्हती मी! तेवढ्यात सुंदराबाईनं फोटोवरचा पदर बाजूला केला… मुलाला दिसावं म्हणून. आता सांगा, नाही कसं म्हणणार?

नाचलो! टोपीवर कलश, कलशाला माझे दोन्ही हात, समोर निम्मे आमचेच पेशंट, नाबर डॉक्टर टाळ्या वाजवतायत, आणि रखमा स्टुलावर पाठ ताठ ठेवून ओरडतेय, "कंबर हालव रं, कंबर!" सुंदराबाई रडत होती आणि हसत होती. शेवटी मी धापा टाकत रखमापुढे उभा राहिलो, "झाला का नवस?" तिनं डोळे मिटले, एकवीरा आईला विचारलं, डोळे उघडले.

"आय म्हनते, नाचायचा नवस व्हता. ह्यानं नुसत्या उड्या मारल्या. पुढल्या साली परत."

अकरा वर्षं! दर एक मेला अकरा वर्षं नाचलो मी, आणि दर वर्षी आई म्हणायची परत. मधल्या काळात डॉक्टरांनी थेंब पुन्हा सुरू केले, रोज सकाळी अंगणात मोठ्यानं मोजायची म्हणे, दहाच्या पुढे अकरावा नाही. एकसुद्धा हाड मोडलं नाही. तापानं गेली, ताठ पाठीनं गेली. फार आठवते हो.

ती गेली त्या वर्षी एक मेला मला कुणी बोलावलं नाही. मीच गेलो. कोळीवाड्याच्या वाळूत कलश घेतला, नाचलो, बायकोनं घरी आल्यावर वयाची आठवण करून दिली ती वेगळीच. नाचून झाल्यावर डोळे मिटले, म्हटलं, रखमाबाई, विचार गं आईला, आता तरी झाला का? बराच वेळ थांबलो. उत्तर काही आलं नाही…

म्हणजे पुढल्या वर्षी परत जाणं आलं. जातोय.