फळीवर बांधलेलं यंत्र

नीट आठवतंय की नाही, शंकाच आहे. लातूर नवा जिल्हा झाला होता, दुष्काळ होता आणि निलंग्याकडच्या तलावाची खोली मोजायला मी मासे शोधायचं, पाण्याची खोलीही दाखवणारं यंत्र नेलं होतं.

"नावंला नवं भोक पाडू देनार न्हाई," नावाडी व्यंकटमामा म्हणाले. म्हणून यंत्र फळीला स्क्रूनं कसलं आणि फळी नावेला दोरीनं बांधली.

मधोमध आकडा आला, तीस फूट.

"खुळं झालं का मशीन? हितं छातीएवढं पानी हाय!"

माझाच माझ्या बांधणीवर विश्वास नव्हता. "उतरून बघता का, मामा?"

त्यांनी उडी मारली आणि ते दिसेनासे झाले. मला पोहता येत नव्हतं. मी नुसता हाका मारत राहिलो. शेवटी फळीला एक हात लागला.

"साहेब," मामा धापा टाकत म्हणाले, "आता तुमी उतरा."

काही वर्षांनी तलाव आटला, तेव्हा जाऊन पाहिलं. तिथं बुडालेल्या गावाची विहीर होती. यंत्र बरोबर होतं.