दोन तासांत बडोदं

...नाही, पण मी म्हणतो, माणसाने एखाद्या गाडीवर रागवावं तरी किती? हसताय काय! जी गाडी अजून सुरूच झाली नाही ना, तिने माझी आठ वर्षं खाल्ली. आठ! लोक गाडी उशिरा आली म्हणून रखडतात. तुम्हाला सांगतो, मी गाडी फास्ट येणार म्हणून रखडलो!

त्याचं काय झालं, माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन बडोद्याला गेली आणि मी राहिलो ठाण्यात, नौपाड्यात. दर भाऊबीजेला मी बडोद्याला जायचो. एक वर्ष चुकवलं नाही हो, कधी तर वळकटीवर बसून गेलेलो! आणि एक दिवस पेपरात आलं... बुलेट ट्रेन! ठाण्याला स्टेशन! दोन तासांत बडोदं! झालं. मी हिला म्हटलं, "अगं, आता कशाला हाडं खिळखिळी करून घ्यायची? होतेयच की गाडी." अक्काला फोन लावला, "अक्का, जरा दम धर. सकाळी निघेन, तुझ्याकडे जेवेन आणि संध्याकाळच्या चहाला घरी. दोन तासांत बडोदं!"

अक्का म्हणाली, "बरं बाबा, ये सावकाश."

सावकाश! म्हणजे बघा, तिला तेव्हाच कळलेलं.

मग काय, दर दिवाळीला तिचा फोन, "सुधीर, येतोस ना रे?" आणि माझं ठरलेलं, "अक्का, खांब उभे राहिलेत गं. आता थोडक्यासाठी कशाला?" आमची ही एकदा फटकन म्हणाली, "अहो, ते ठाण्याचं स्टेशन कुठे होतंय माहितेय का? दिव्याजवळ, म्हातार्डीला. गावाच्या नावातच आलं सगळं!" तोवर माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अक्काने एक्याऐंशी गाठली, पण आमचा हेका एकच. दोन तासांत बडोदं!

आणि या वर्षी... या वर्षी अक्काचा फोन आला. तब्येत विचारली, चकली तेलात हसली म्हणाली, सगळं बोलली आणि ठेवला. "येतोस ना रे" नाहीच! मी फोनकडे बघत बसलो. ही म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "अगं, तिने विचारलंच नाही." दरवर्षी नाही म्हणायची सवय होती मला, पण कुणी विचारायचंच थांबेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

काढलं तिकीट. जी आहे त्या गाडीचं! बोरिवलीहून ती नवी पांढरी गाडी, आपोआप दारं, चार तासांत बडोदं. चार! म्हणजे ठाण्याहून बोरिवली गाठायचे वेगळे, त्यात माजिवड्यालाच रिक्षा अशी अडकली की मी रिक्षावाल्याला म्हटलं, "बाबा रे, भाऊबीज आजच आहे!" पण पोचलो. गाडीत शेजारी मितेश नावाचा एक मुलगा. त्याची आई बडोद्यात, हा वर्षाने चाललेला. मला म्हणतो, "अंकल, बुलेट आवशे ने, पछी तो बे कलाकमां बरोडा! मग मी दर शनिवारी मम्मीकडे!" काय सांगू... माझंच वाक्य, गुजरातीत! म्हटलं, "बाळा, आहे त्या गाडीने या शनिवारी पुन्हा जा."

दिवेलागणीला अक्काने दार उघडलं. केवढीशी झालेली! मला न्याहाळलं आणि म्हणाली, "सुरू झाली का रे गाडी?"

"नाही गं."

"मग कसा आलास?"

खाली मान घालून पाटावर बसलो. तिने ओवाळलं, निरांजन टोपीला लागतंय की काय अशी भीती, पण ओवाळलं. माझ्या डोळ्यांत पाणी, तिच्याही. आणि मग ही बाई तेच तबक उचलून गॅलरीकडे निघाली!

म्हटलं, "अक्का, आता कुठे?"

"चंद्राला ओवाळायला. जिचा भाऊ येत नाही तिने चंद्राला ओवाळायचं असतं. आठ वर्षं तोच आहे मला."

"अगं, पण आज मी आलोय ना!"

"आलास, बरं वाटलं. पण त्याला कशी तोडू रे? बीजेची नखाएवढी कोर, घटकाभर दिसते, पण येतो बापडा वेळेवर. तुझा काय भरवसा? पुढच्या वर्षी पुन्हा तोच लागायचा!"

बोला! वारा सुटला होता. मी निरांजनाला हाताचा आडोसा धरून उभा राहिलो.