एका टोकाला दोघं

टॅबिथा : तू हाक मारलीच नव्हतीस? मग माझा नवरा काय वेडा म्हणून धावला, सेथ?

(महायुद्धानंतरचा पहिला उन्हाळा, इंग्लंडमधलं एक खाणगाव. संध्याकाळचं जेवण चाललंय. बाहेर अजून ऊन आहे.)

सेथ : आईशप्पथ, वहिनी. दुसऱ्या टोकाला मीच होतो. तिन्ही वेळा मी "नको, नको" म्हणून घसा फोडतोय आणि हा आपला खेळपट्टीच्या मध्यावर! तीनदा धावबाद. आता कौंटीची कमिटी म्हणते, आणखी एकदा झालं की एझरा थॉर्लीला नारळ.

टॅबिथा : नारळ म्हणजे परत कोळशाची खाण. आणि याच्या छातीला आता खाण सोसायची नाही. एझरा, बटाटे चिवडत बसू नकोस, बोल काहीतरी!

एझरा : हाक आली म्हणून धावलो.

टॅबिथा : कुणाची?

एझरा : कॅप्टनसाहेबांची.

टॅबिथा : कॅप्टन तर तेव्हा पॅव्हेलियनमध्ये पाय पसरून बसला होता म्हणे.

एझरा : आताचे नव्हेत. युद्धाआधीचे आपले कॅप्टन, वेनॅबल्ससाहेब.

सेथ : अरे देवा.

टॅबिथा : त्यांना तर फ्रान्समध्ये पुरलंय!

एझरा : पुरायला काही सापडलंच नाही, टॅबी. "चल, थॉर्ली!" असं ओरडून ते खंदकातून बाहेर पडले. मी मागोमाग. मी पोचलो पलीकडे, ते मध्येच राहिले. त्यांची ती धाव अजून पुरी झालेली नाही.

टॅबिथा : म्हणून तू आपली विकेट फेकणार? मेलेल्याची चाकरी?

सेथ : आपण पगारी माणसं, वहिनी, ते हौशी साहेबलोक. मैदानात यायचं त्यांचं फाटकसुद्धा वेगळं. साहेबाची हाक आली की पगारी माणूस विचार करत नाही, पळतो. इतक्या वर्षांत याच्या पायांनाच ती सवय लागलीय.

टॅबिथा : बरं, पण आज तर नाबाद घरी आलास ना? म्हणून तर मी हौसेनं मटण केलं.

एझरा : आजही हाक आली. पण सकाळी तू रडलीस, ते आठवलं. बॅट क्रीजमध्ये रोवून उभा राहिलो. जागचा हललो नाही.

टॅबिथा : शाब्बास रे माझ्या राजा! बघ, जमलं की नाही?

एझरा : मी गेलो नाही, तर तेच आले.

टॅबिथा : म्हणजे?

सेथ : मी बघत होतो, वहिनी. म्हणजे दिसलं काहीच नाही. पण हा जरा बाजूला सरकला, येणाऱ्याला जागा करून देतात तसा. आणि म्हातारे पंच टोपी काढून उभे! मागाहून विचारलं तर म्हणाले, हात आपोआपच गेला, बाबा.

टॅबिथा : गप्प बस, मेल्या! अंगावर काटा आला माझ्या.

एझरा : माझ्या बॅटीशेजारी दुसरी बॅट टेकल्याचा आवाज आला. धाप लागली होती त्यांना. एवढं कडक ऊन, आणि ओल्या चिखलाचा वास येत होता. त्या खंदकातल्या. तेवढ्यात पंचांनी बेल्स उचलल्या, आजचा खेळ संपला. उद्या तिथूनच पुढे.

टॅबिथा : उद्या काय होणार? मला भीती वाटतेय, एझरा.

एझरा : दोघं एका टोकाला आले की एकाला जावंच लागतं.

टॅबिथा : तू जायचं नाहीस! जाऊ देत त्यांना. सेथ, सांग की याला!

सेथ : काय सांगू? साहेब आणि पगारी एका टोकाला आले, तर साहेबासाठी पगारी जातो. रीतच आहे ती. मीही गेलोय, वहिनी.

टॅबिथा : अरे, पण हा साहेब मेलाय! मेलेल्या माणसाला कसलं बाद करता?

एझरा : तेच तर सांगतोय, टॅबी. त्यांना आता कुणी बाद करू शकत नाही.