काळ्या कोटाचं अस्वल

(धाड गावात सिंधूताईंचं घर, दुपार कलती. मंजुळाबाई पिशवी छातीशी धरून उंबऱ्याबाहेर उभ्या. पाऊल आत टाकावं की नाही, हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.)

सिंधूताई : दारात काऊन उभ्या? आत या, नाहीतर पिशवी द्या अन् जा. माशा येऊन राहिल्या घरात.

मंजुळाबाई : मी इथीच बरी हाये. माही पोरगी कुठी हाये?

सिंधूताई : झोपली. नववा लागला तिले. पाठ धरली होती, आत्ता कुठं डोळा लागला. उठवायची नाही.

मंजुळाबाई : माह्या पोरीले उठवाचं का नाई, हे तुम्ही सांगसान मले?

सिंधूताई : माझ्या घरात झोपली, तर मीच सांगीन. आणली का जनावरं?

मंजुळाबाई : आणली. दर महिन्याले माह्या बहिनीच्या, बेबीच्या हातानं कागद धाडे रुपाली. त्याच्यावर जनावर छापेल. बेबी म्हने, कागदावर कपड्याचे तुकडे ठेवून रेघेरेघेनं शिवाचं, बाळाची गोधडी करून राह्यली तुही पोरगी. म्या दर महिन्याले एक शिवलं. चोरून शिवलं. हे घ्या. अन् तुमचे दाखवा.

सिंधूताई : माझे कशाले?

मंजुळाबाई : एकाच गोधडीत लागनार ना? पाहू द्या, माह्या नातवाच्या अंगावर काय काय येनार हाये ते.

सिंधूताई : नातू म्हणे! पाहा बापा. ही खार. ही म्हैस. हा हत्ती.

मंजुळाबाई : हत्ती निया? म्हैसही निई? सगळं नियंच नियं! निवडनुकीले उभी करता काय जनावरं?

सिंधूताई : निळा रंग खुपत असंल तर डोळे मिटा. कापड रुपालीनंच निवडलं. अन् तुमचं हे काय? ससा उलटा, बकरी उलटी, माकडही उलटं!

मंजुळाबाई : उलटं कसं? पाय खालीच हायेत ना.

सिंधूताई : तोंडं उलटी. कापड कागदाच्या कोऱ्या अंगाले लावायचं असते, अन् टाके छापल्या अंगानं घालायचे. तुम्ही कापड छापल्या अंगालेच लावलं. आता आमची जनावरं इकडं चालली, तुमची तिकडं. शेजारी जोडली की आमच्याकडं पाठ करून बसतील. तुमच्या घराले सवयच आहे म्हणा.

मंजुळाबाई : तोंड सांभाळा! पाठ कोनं फिरवली? तुमच्या पोरानं, प्रेमानंदानं पयवून आनली माही पोरगी.

सिंधूताई : पळवून? आपल्या पायानं गेली ती कचेरीत, आपल्या हातानं सही केली. लग्नाच्या आधी मी स्वतः आली होती तुमच्या दारी, पिंपळगावले. अंगणात उभी होती उन्हात. या म्हणलं नाही कोणी.

मंजुळाबाई : कसं म्हनतीन? गाव पाहून राह्यलं होतं.

सिंधूताई : गाव! त्याच गावासमोर मग जित्या पोरीच्या नावानं आंघोळ केली. मेली म्हणून सांगितलं चारचौघांत. मेलेल्या बाईले लेकरू होते का कधी? कोणाच्या बाळासाठी शिवत होत्या तुम्ही?

मंजुळाबाई : घागर घरधन्यानं हातात देल्ली होती माह्या.

सिंधूताई : इंद्रभानजींनं दिली असंल. ओतली कोणी?

मंजुळाबाई : म्याच ओतली. झालं समाधान?

सिंधूताई : माझं काय समाधान व्हायचं. बरं, जनावरं पोचली. उसवून सरळ करीन मी. आता निघा, बुलढाण्याची शेवटची जीप सुटंल.

मंजुळाबाई : सुटू द्या.

सिंधूताई : अन् अस्वल कुठं? या महिन्याचं अस्वल तुमच्याकडं धाडलं, म्हणत होती रुपाली.

मंजुळाबाई : नाई आनलं.

सिंधूताई : शिवलं नाही?

मंजुळाबाई : शिवलं. जयलं.

सिंधूताई : जळलं? कसं जळलं?

मंजुळाबाई : घरधन्याच्या कोटाचं केलं होतं, काया कोटाचं. काल यायनं पाह्यलं. म्हने, हा माहा कोट हाये. कोनासाठी कापला? म्या सांगतलं. अस्वल उचललं अन् चुलीत टाकलं. म्हने, तिच्या दारी गेली तर वापस येऊ नको.

सिंधूताई : अन् तुम्ही आल्या.

मंजुळाबाई : हाव.

सिंधूताई : मग आता जाणार कुठं?

मंजुळाबाई : बेबीकडं जाईन. नाईतर लोनारले, भावाकडं. तुमच्या घरी राह्यतो म्हनलं का म्या?

सिंधूताई : मी ठेवून घेते म्हणली का? ... हळू बोला. उठली ती.

रुपाली : आत्याबाई, कोन आलं? ... आई?

मंजुळाबाई : रुपाली. किती वायली व तू! खाऊन राह्यली का नाई?

रुपाली : तुले कोनं बोलावलं?

मंजुळाबाई : तूच तं कागद धाडले, माय.

रुपाली : कागद धाडले. तुले नाई बोलावलं. बेबीमावशीजवळ द्यायचं होतं. माझ्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं तू. मले त्या दिवशी फोनवर कोनी व्हिडिओ धाडला, माहीत आहे? मी पाह्यला. तू रडतही नव्हती.

मंजुळाबाई : माहीत नव्हतं मले, कोनी काढला म्हनून.

रुपाली : जा तू.

सिंधूताई : ती कुठं जात नाही.

रुपाली : आत्याबाई?

सिंधूताई : नवऱ्यानं हाकललंय तिले. तुझ्या अस्वलापायी त्यांचा कोट कापला म्हणून. बाहेरची खोली रिकामी आहे.

रुपाली : तुम्हीच तर रोज नावं ठेवता तिले!

सिंधूताई : ठेवते. उद्याही ठेवीन. समोर असली की नीट ठेवता येतील.

मंजुळाबाई : मले कोनाची भीक नाई पायजे.

सिंधूताई : भीक कोण देते? एवढी उलटी जनावरं उसवायची आहेत. माझ्या एकटीच्यानं होत नाही. काम करा अन् जेवा.

रुपाली : बाबांचा कोट म्हणजे तो लग्नातला? पेटीतला?

मंजुळाबाई : हाव.

रुपाली : ते ओळखतील, हे कळलं नाही तुले?

मंजुळाबाई : कयलं होतं.

रुपाली : मग काऊन कापला? बाजारात काळा कपडा नाही भेटत?

मंजुळाबाई : भेटते. सशाले तुहा फराक लावला, बकरीले माहं लुगडं. म्हनलं, त्यायचाही एखादा तुकडा असू द्या. लेकराच्या अंगावर.

सिंधूताई : उंबऱ्यातून आत या आता. दोघी माय-लेकी दार अडवून उभ्या. रुपाली, तू बस खाली, पाय सुजतील.

रुपाली : बसते. पण आई, ऐकून घे. मी तुले माफ नाही केलं.

मंजुळाबाई : म्या मागतली कुठी? आन तो ससा इकडं. अन् सरक जराशी, उजेड अडून राह्यला.