स्मिताचा फर्मा

"हॅलो? … हो, लीलाबाई टेलरच बोलून राहिली. कोण? … स्मिता? सौसरची? अवं माय, किती दिवसांनी आठवण झाली तुले!"

पांढुर्ण्यात लीलाबाईची मशीन मनोहरशेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर आणि फोन आत गल्ल्यापाशी. तिचा फोन आला की शेठ तोंड वाकडं करून हाक मारायचा. आज तिला त्याची पर्वा नव्हती. सौसरच्या केशवरावांची ही सून म्हणजे तिचं लाडकं गिऱ्हाईक.

"काय म्हणते? … घट्ट होते? बाहीत हातच जात नाही? … असं कसं बाई! तुह्याच फर्म्यावर कापले नं मी… हो, हो, ऐक नं… सासऱ्यानं माणूस पाठवला. म्हणे, सुनेचे चार ब्लाउज शिवा, स्मिताचं माप तुमच्यापाशी आहेच."

आणि होतंच. एकदा माप घेतलं की लीलाबाई त्या बाईचा कागदी फर्मा कापून, वर नाव लिहून खिळ्याला अडकवायची. मग टेपला पुन्हा हात लावायचा नाही, असा तिचा तोरा.

"बाळंतपण झालं का तुह्यं? … नाही? मग अंग कशानं भरलं? … बरं, डावा खांदा? तो उतरता आहे म्हणून तर मी आतून पट्टी लावते… दोन्ही सारखे? अवं, खांदा काय आपोआप सरळ होते का?"

लीलाबाईला मेळ लागेना. आवाजही ओळखीचा वाटेना. स्मिता खिदळून बोलायची, ही तर कुजबुजत होती.

"थांब. परसालच्या दिवाळीत इथं ओट्यावर बसून चिवडा खाल्ला का नाही तू? … पांढुर्ण्याले आलीच नाही कधी? … मग कोण आहेस तू? … स्मिताच? … अवं, तुमच्या घरी स्मिता आहेत तरी किती?"

लीलाबाईनं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"काय? … कधी? … पावसाळ्यात… काविळीनं… मले कोणी सांगितलंच नाही व."

गेलेल्या पहिल्या स्मितासाठी या दुसरीपुढं रडावं कसं, हेच तिला कळेना. पोर बिचारी तिकडे जीव मुठीत धरून बोलत होती.

"आणि तुले लग्नात तेच नाव ठेवलं? काहून? … भांड्यांवर कोरलेलं आहे म्हणून? … भांड्यांवर!"

शेठनं डोळे वटारले. लीलाबाईनं त्याच्याकडे पाठ केली.

"सासू काय म्हणते? … पहिलीले नीट बसत होते, तुह्यंच अंग बेढब? … उद्या संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि हाच ब्लाउज अंगात गेला नाही तर खोलीतच बस म्हणते? … रडू नको. ऐक नं… तुह्या अंगात काही खोट नाही, पोरी. ते माप तुह्यं नव्हतंच. चूक माह्यी आहे आणि तुह्या सासरची आहे."

तिकडून आता हुंदके येत होते.

"उद्या सकाळच्या मोटारीनं मीच येते, टेप घेऊन. आत कापड सोडलेलं असते, दुपारपर्यंत उसवून सैल करून देते. सासूशी मी बोलते म्हणजे बोलतेच. … आता नव्या फर्म्यावर लिहायले नाव सांग. … ते नाही. ते तिचं आहे, तिच्यापाशीच राहू दे. माहेरचं सांग. … ऐकू नाही आलं. … सासू दारात उभी आहे? राहू दे उभी. सांग."

मग तिकडून आवाज एवढा मोठा आला, की मनोहरशेठनंही मान वर केली.

"मनकर्णा. … आलं ऐकू, मनकर्णा. … हॅलो? … हॅलो?"