लोकल काहून धरली?

नाही, तू बस गा, उठू नको. मी बी पोत्यावरच बसते, माह्या लुगड्याले काही सोनं नाही लागलं. तुही गाडी खाली व्हाले अजून येळ हाय, ते हमाल पाय ना कसे बिड्या ओढून राहिले — तवरिक तुले कुठी जाता येत नाही, म्हणूनच मी ह्या टायमाले आली. हो, ठरवून आली. मी रंभाबाई, कौसल्याची माय. ओळखलं ना? चेहरा तं पडला तुहा. देवरावभाऊनं तुही सोयरीक आणली आमच्या घरी — श्रीधर नावाचा पोरगा हाय, ट्रक ड्रायव्हर, विडीचं बी व्यसन नाही, दर रविवारी विहारात येते — सारं सांगतलं. सोयरीक आणणारा सारं गोडच सांगते, आपली संत्री आंबट हाय असं बाजारात कोणी म्हटलं हाय काय? म्हटलं आपण सोताच जाऊन पाहावं. पोराले घरी पाहून काही समजत नाही, घरी सारेच आंघोळ करून बसते. त्याले कामावर पाहावं.

तं मले एक सांग. हेवीचं लायसन तुह्या हाती आलं याच साली. जवान गडी, हातपाय धड. असा नवा ड्रायव्हर काय करते? लांबची लाइन धरते. रायपूर म्हणू नको, कलकत्ता म्हणू नको, हैदराबाद म्हणू नको — मुलूख पाहते, उस्ताद म्हणते लोक त्याले. अन् तू काय धरलं? लोकल. इतवारीतून साबणाचे खोके उचलाचे, महालच्या बोळीत अडकाचं, सायकलरिक्षावाल्याच्या शिव्या खाच्या, सदरच्या दुकानावर माल उतरवाचा, अन् दिवेलागणीले घरी. लोकल कोण चालवते, मले माहीत नाही काय? ज्याची कंबर गेली तो, ज्याले अंधारात दिसत नाही तो, नाहीतं ज्याच्या मागं पोलिसाचं लचांड हाय तो. यातला तू कोणता? हसू नको. ड्रायव्हरची बायको हाव मी. हात पाहू तुहे — उजवा दाखव पहिले. लाइनवाल्याचा उजवा हात खिडकीत राहून राहून काळा ठिक्कर पडते अन् डावा तसाच गोरा राहते, कौशीच्या बाबाचे दोन हात दोन माणसाचे वाटते. तुहे दोन्ही सारखेच हाय. बरं. म्हणजे लाइनवर काही भानगड करून पळून आला नाही. पर मंग काहून? कोणी मालकानं ठेवलं नाही? घरी राहाले आवडते म्हणते? जवान माणसाले घर आवडते, हे आयकून तं मले अजूनच भेव वाटते गा. माय नाही म्हणे तुले, बहिणी आपल्या घरी गेल्या. मंग कोणासाठी येते तू रोज घरी? घरी हाय कोण?

रागावला काय? रागाव. पोरगी माही हाय, ताकबी फुंकून पिईन मी. तू म्हणशीन बाईले शंकेचा रोग हाय. रोग नाही, पोळली हाव मी. कौशीचे बाबा पहिल्यापासून रायपूर लाइनवर. एकदा काय झालं, शर्टाचं बटन तुटलं होतं, माह्याच्यानं लावणं झालं नाही, हे तसेच गेले. परत आले तं बटन लावलेलं. असं तसं नाही, घट्ट, दोऱ्याची गाठ आतून. आता तूच सांग, ट्रकवाल्याले नट समजते, बोल्ट समजते, सुईत दोरा ओवता येते काय त्याले? नाही येत. पुढच्या खेपेले म्या सोताच एक बटन तोडलं अन् शर्ट थैलीत घातला. लावून आलं. मंग दर खेपेले तेच. कधी खिसा उसवते, कधी बाही, थैली बांधाच्या आधी — अन् दर खेपेले शिवून येते. चांगला हात हाय त्या रायपूरवालीचा, माह्याहून चांगला, खोटं काहून बोलू. तिले बी पोरं हाय म्हणते, मी विचारलं नाही, म्या फक्त शर्ट पाहाचा अन् घडी घालून ठेवाचा — मी काय सांगून राहिली तुले? हे म्या कोणालेच नाही सांगतलं. कौशीले तं नाहीच नाही, पोरीच्या मनात बाप बापासारखा राहू द्यावा. तू आयकलंच नाही, समजलं?

जेव तू, टाइम झाला तुहा. माह्यासाठी थांबू नको, सोड डब्बा — थांब. हे फडकं कुठचं? माह्या लुगड्याचं हाय हे, हिरव्या चौकडीचं, म्याच फाडून ठेवलं होतं. झाकण काढ. जवसाची चटणी. ही तं आज सकाळी म्या कुटली. हा भाजलेला कढीपत्ता, ही माह्या माहेरची रीत, नरखेडकडची. कौशी मले म्हणे शिवणक्लासातल्या मैत्रिणीले देते! असं हाय तं. म्हणजे देवरावभाऊ मागून आला, सोयरीक तुमी दोघांनी पहिलेच करून टाकली, अन् मी येडी तुह्या हाताचे रंग पाहून राहिली. खाली नको पाहू. हे लोकलचं बी तिचंच काम काय? बोल ना गा. लाइनवर गेला तं लग्न नाही, असं म्हणाली? काहून म्हणाली असं? — अन् मघाशी म्या रायपूरचं सांगतलं तवा तुले नवल नाही वाटलं. म्या पाहिलं बरं, मले वाटलं पोरगा लाजला. तुले माहीत होतं. तिनं सांगतलं? तिले कुठून माहीत? — कधी? शाळेत होती तवा?

मले बटन तोडतानी पाहिलं तिनं. मले वाटे अभ्यास करून राहिली पोरगी, पाटीतून मान वर नाही करत. इतकी वर्षं पोटात ठेवलं, मायले एक शब्द नाही. मी तिच्यापासून लपवून राहिली, अन् ती माह्यापासून. लाज वाटून राहिली गा मले. तुही नाही, तिची.

ऊठ आता, हमाल हाका मारून राहिले. दोन घास खाऊन घे अन् ऊठ. देवरावभाऊले म्हण, रविवारी या, विहारात तारीख काढू. नाही, तिच्या बापासाठी नाही थांबाचं. ते लाइनवर हाय, आले तं येतीन मांडवात पाव्हण्यासारखे. अन् कौशीले सांगजो — नको, काही सांगू नको, मी इथं आली होती हे बी नको सांगू. जाय गा. मले नको विचारू काही, मी बसते इथं जराशी. तू गाडी काढ.